गल्लीतली टोळकी, दादागिरी आणि चाकू : इंदूरच्या कॉलनीत काय करायचं आणि कोणत्या क्रमानं

रामबाग असो, लोकमान्य नगर असो की सुदामा नगर, गल्लीतल्या पोरांच्या त्रासावर दोनच वाक्यं कानावर येतात. एक, "आपल्याला काय करायचंय, दार लावून घ्या." दुसरं, "चार फटके पडले की सरळ होतील." बहुतेक वेळा दोन्ही वाक्यं एकाच माणसाची असतात, मधे फक्त सहा महिने गेलेले असतात. पहिल्या वाक्यानं पोरांना कळतं की इथे विचारणारं कोणी नाही. दुसऱ्या वाक्यानं एखादे सभ्य गृहस्थ काठी घेऊन खाली उतरतात आणि स्वतःच आरोपी होऊन बसतात.

या दोन्हींच्या मधे करण्यासारखं बरंच आहे, पण ते कंटाळवाणं आहे. लिहून ठेवायचं, अर्ज द्यायचा, दिवा लावून घ्यायचा, कुणाच्या तरी आईशी बोलायचं. माझं म्हणणं असं की पोराच्या मागे लागण्याआधी जागा, वेळ आणि माल या तिघांच्या मागे लागावं. पोरगा बदलायला वर्षं जातात, अंधारा कोपरा आठवड्यात बदलतो.

एक गोष्ट आधीच बोलून टाकू. "ती बाहेरची पोरं आहेत, आपल्यातली नाहीत" हे आपल्या मराठी घरांत फार खात्रीनं म्हटलं जातं. बाहेरची असतीलही. पण शहरातल्या इतक्या गल्ल्या सोडून ती तुमच्याच गल्लीत का बसतात, तर बहुधा तुमच्यातलाच कुणी त्यांच्यात बसतो म्हणून. तो कोण हे शोधलं तर अर्धा रस्ता मोकळा होतो, कारण त्याच्या घरी तुम्ही जाऊ शकता.

पहिलं काम : वही

"रोज रात्री पोरं धिंगाणा घालतात" या वाक्यावर जगातलं कुठलंही ठाणं काही करू शकत नाही. त्याऐवजी अशी नोंद हवी :

"मंगळवार, रात्री ११.१० ते १२.२५. बगीच्याच्या मागच्या फाटकाजवळ, डीपीच्या शेजारी. सात-आठ जण, तीन गाड्या. एका बुलेटचा सायलेन्सर फटाक्यासारखा वाजतो, नंबर लिहिला आहे. बाटली फोडली. दवाखान्यातून ड्यूटी संपवून येणाऱ्या मुलीला उद्देशून शेरे मारले. ११.४० ला ११२ ला फोन केला. बारा वाजता गाडी आली, पोरं पांगली. गाडी गेल्यावर दहा मिनिटांत परत."

एवढ्या नोंदीतून कितीतरी कामं निघतात. फाटक बंद का होत नाही? डीपीजवळचा दिवा कधीपासून बंद आहे? गाडी कुणाच्या नावावर आहे? शेरे मारणं हा सरळ गुन्हा आहे. आणि पोलिसांची गाडी येऊन गेल्यावर पोरं परत येतात, म्हणजे नुसत्या ११२ वर हे सुटणार नाही.

वही दोन आठवडे ठेवा, आणि वेगवेगळ्या बाजूंनी दिसणाऱ्या दोन-तीन घरांनी ठेवा. नावं लिहू नका. वर्णन, गाडी, वेळ, काय केलं, एवढंच. अंदाज वेगळा लिहा, पाहिलेलं वेगळं. ही वही कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायची नाही. ग्रुपवर त्या पोरांपैकी एकाचे काका असतातच.

कॅमेऱ्याबद्दल दोन शब्द. घरगुती कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरमधली घड्याळं सर्रास चुकीची असतात. एकदा वीज गेल्यावर तारीख थेट २००० सालात गेलेली मी पाहिली आहे. आजच जाऊन वेळ नीट करा. जुनं रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून घटना घडली की त्याच दिवशी पेन ड्राइव्हवर काढा. व्हॉट्सअॅपवर पाठवलेली प्रत ही प्रत नव्हे, ती दाबून लहान केलेली असते. मूळ रेकॉर्डर जपा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते तपास अधिकारी मागेल तेव्हा द्यायचं.

मग वेगळं करा : त्रास, दहशत, गुन्हा

रात्री कट्ट्यावर बसणं हा गुन्हा नाही. मोठ्यानं हसणंही नाही. आपल्याला आवडत नाही म्हणून ते बेकायदा ठरत नाही. आवाज, सिगारेटचा धूर, गाड्या आडव्या लावणं, कचरा हा झाला त्रास, आणि त्यातला बराचसा आपला आपण सोडवायचा असतो.

धमकी, गणपतीच्या चंद्याच्या नावाखाली दुकानदाराकडून दमदाटीनं पैसे, मुलींचा पाठलाग, गल्लीत उभं राहून चाकू फिरवत काढलेली रील ही दहशत. इथे लेखी अर्ज आणि ठाणं.

हत्यार बाहेर निघालं, मारहाण झाली, मोबाइल हिसकावला, तर ११२. ताबडतोब. खाली उतरायचं नाही, गॅलरीतून ओरडायचंही नाही. आत जाऊन फोन करायचा आणि किती जण, कोणते कपडे, कुठल्या दिशेला गेले एवढं सांगायचं.

ही वर्गवारी म्हणजे पांडित्य नव्हे. सगळ्याच गोष्टी एका मापानं सांगितल्या की ठाण्यात तुम्ही "रोजचे तक्रारदार" होता आणि खऱ्या चाकूच्या रात्रीसुद्धा तुमचा फोन त्याच सुरात ऐकला जातो.

जागा, वेळ, माल

जागा. संध्याकाळी सातला नव्हे, रात्री साडेअकराला टॉर्च घेऊन दोघा-तिघांनी फिरा. कुठला खांब बंद आहे, कुठलं कुंपण डोक्याएवढं वाढलंय, कुठल्या रिकाम्या प्लॉटवर भिंत पडली आहे, कुठल्या अर्धवट बांधलेल्या घराला दार नाही, ते लिहा. दिवे, कचरा, झाडी यांची तक्रार नगर निगमच्या इंदौर ३११ अॅपवर फोटोसकट टाका आणि तक्रार क्रमांक वहीत चिकटवा. नुसता एक डोळे दिपवणारा फ्लडलाइट लावू नका, त्याच्यामागची सावली आणखी काळी होते. रस्ताभर सारखा उजेड हवा. पार्षदाला, म्हणजे नगरसेवकाला, भेटायचं तर यादी घेऊन भेटा. "आमच्याकडे फार त्रास आहे" यावर चहा मिळतो, यादीवर शिक्का मिळतो.

बाक काढून टाकण्याची सूचना प्रत्येक बैठकीत येते. मी त्याच्या विरुद्ध आहे. बाक गेला की आजोबा घरी बसतात आणि पोरं पायरीवर. त्याऐवजी जागा वापरात आणा : संध्याकाळी लहान मुलांचं स्केटिंग, बायकांचा भजनाचा किंवा योगाचा वर्ग, रात्री जेवणानंतर ज्येष्ठांचे पत्ते. माणसांची वर्दळ असलेली जागा टोळक्याला आवडत नाही. "मग ती पुढच्या गल्लीत जातील" असा आक्षेप येतो. काही जातात. पण असा त्रास सगळाच्या सगळा सरकत नाही, बराचसा विरतो, असंच या विषयावरचे अभ्यास सांगतात. तरी पुढच्या गल्लीच्या रहवासी संघाला आधी सांगून ठेवा, म्हणजे शेजारधर्म राहील.

वेळ. शहरानं हा धडा मोठ्या प्रमाणावर घेतला आहे. २०२२ मध्ये बीआरटीएसच्या, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका असलेल्या रस्त्याच्या, दुतर्फा दुकानं रात्रभर उघडी ठेवायला परवानगी मिळाली, रात्रीच्या नशेच्या आणि भांडणांच्या तक्रारी वाढत गेल्या, आणि २०२४ मध्ये ती परवानगी मागे घेतली गेली. गल्लीतही असंच असतं, सगळा खेळ एखाद-दोन तासांचा असतो. वहीत तो तास दिसेल. चौकीदाराची फेरी त्याच तासात लावा. आणि आपली शतपावली साडेनऊऐवजी साडेदहाला करा, चार-पाच घरांनी मिळून, गप्पा मारत. कुणाकडे बघायचं नाही, हटकायचं नाही, फक्त जायचं-यायचं. दोन आठवडे हे केलं की कोपऱ्याचा रंग बदलतो. गस्त म्हणून शिट्ट्या वाजवत फिरण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

माल. बहुतेक तक्रारींत पोरांचं नाव असतं, त्यांना माल देणाऱ्याचं नसतं, आणि मला वाटतं सगळ्यात मोठी चूक इथे होते. बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम ७७ वाचा : अठरा वर्षांखालच्या मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. कलम ७८ मध्ये मुलांकडून असा माल वाहून नेणाऱ्याला किंवा विकून घेणाऱ्याला तीच शिक्षा. शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायला बंदी आहेच. गुमटीवाल्याला, म्हणजे टपरीवाल्याला, हे शांतपणे, छापील कागद दाखवून सांगा. तो ऐकतो, कारण त्याचा धंदा पणाला लागलेला असतो.

झोपेच्या गोळ्या आणि खोकल्याची औषधं चिठ्ठीशिवाय देणारं मेडिकल स्टोअर असेल तर तक्रार औषध निरीक्षकाकडे. अल्प्राझोलामसारखी औषधं शेड्यूल एच-वन मध्ये येतात, त्यांची विक्री वेगळ्या रजिस्टरमध्ये रुग्णाच्या आणि डॉक्टरच्या नावासकट लिहावी लागते आणि ते रजिस्टर तीन वर्षं ठेवावं लागतं. निरीक्षकाला एवढं पुरतं. अमली पदार्थांच्या विक्रीची माहिती १९३३ या राष्ट्रीय क्रमांकावर देता येते.

गाडी हाही मालच. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ प्रमाणे पालक किंवा गाडीमालक दोषी : पंचवीस हजार रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. सोळा वर्षांच्या मुलाला वाढदिवसाला बाइक देणाऱ्या बाबांना हे कुणीतरी वेळेवर सांगायला हवं.

पोरांशी बोलताना

रात्री नाही. प्यायलेली असताना नाही. चौघं घेरून नाही. आणि कॉलनीतले जे काका सगळ्यांवर ओरडतात, त्यांना घरीच ठेवा. सकाळी पोह्यांच्या गाडीवर किंवा संध्याकाळी पाचला एकटा भेटला की त्याला गाठा. बोलणारी व्यक्ती अशी असावी की जिनं त्याला शाळेच्या गणवेशात पाहिलंय. बहुधा ती एखादी काकू असते.

"काय रे, आईचा गुडघा कसा आहे आता?"

"ठीक है आंटी."

"बसायला ना नाही हो माझी. पण दहानंतर त्या आजोबांच्या खिडकीखाली नको, त्यांचं ऑपरेशन झालंय. टाकीजवळ बसा. आणि काच फोडू नका, सकाळी तिथनं पोरं अनवाणी खेळतात."

"आंटी, सब बैठते हैं, अपन को ही बोलते हो."

"सगळ्यांनाच सांगणार आहे. तुला आधी, तू ऐकतोस म्हणून."

यात "सुधरा" हा शब्द कुठे आला नाही. मागणी दोनच गोष्टींची आहे, त्यांचं कारण सांगितलंय, आणि बसायला दुसरी जागा दिली आहे. दुसऱ्या दिवशी त्यानं एक जरी गोष्ट पाळली तर तसं बोलून दाखवा.

घरच्यांकडे जाताना मोबाइलवरचा व्हिडिओ दारातच दाखवू नका, शेजारचं दार उघडं असतं. "तुमचा मुलगा वाया गेलाय" याऐवजी "मंगळवारी रात्री असं झालं" एवढंच सांगा आणि एकच गोष्ट मागा : दहानंतर गाडीची किल्ली घरात राहावी. वडील हाताचे तापट असतील तर त्यांच्याकडे जाऊच नका. त्या रात्री पोराला पट्ट्यानं मार बसतो आणि दुसऱ्या रात्री तो राग तुमच्या गाडीच्या काचेवर निघतो. मामा, मोठी बहीण, क्लासचे सर, कुणीतरी दुसरं शोधा.

"टीआय साहेब (ठाण्याचे प्रमुख) ओळखीचे आहेत, दोन तास बसवून ठेवायला सांगतो" हा आपल्याकडचा आवडता उपाय. मुलाला असं बसवणं बेकायदा आहेच, शिवाय निरुपयोगी. अमेरिकेत मुलांना तुरुंग दाखवून घाबरवण्याचे कार्यक्रम वर्षानुवर्षं चालले. त्यांची तपासणी झाली तेव्हा दिसलं की अशी मुलं पुढे उलट जास्त गुन्हे करतात. धीर धरायला दुसरंही कारण आहे. मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये मांडलेला भेद आजही वापरला जातो : बहुसंख्य मुलांचं उनाड वागणं किशोरवयापुरतं असतं आणि विशीत ओसरतं, अगदी थोड्यांचं लहानपणापासून सुरू होऊन पुढे टिकतं. गल्लीतल्या आठांपैकी सहा-सात जण पहिल्या प्रकारचे, असं धरून चालायला हरकत नाही. त्यांना एका-दोघांपासून वेगळं काढणं हेच खरं काम. सगळ्यांना एकाच शिवीनं हाक मारली की ती घट्ट बांधली जातात.

ठाण्यात

अर्ज हिंदीत लिहा, थाना प्रभारींच्या नावे, एका पानात. विषयाच्या ओळीत जागा आणि वेळ येऊ द्या : "बगीचे के पिछले गेट पर रात्रि ११ से १२.३० के बीच असामाजिक तत्वों द्वारा उपद्रव के संबंध में." खाली वहीतल्या निवडक नोंदी, गाड्यांचे नंबर, आणि मागणी एकच : या वेळेत बीटची गस्त. सह्या जितक्या जास्त तितक्या चांगल्या, कारण एकट्याचं नाव पुढे आलं की तोच लक्ष्य होतो. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय उठू नका. बीटच्या हवालदाराचा नंबर मागा. नगर सुरक्षा समितीत कॉलनीतलं कुणी असेल तर त्यांना सोबत न्या.

घटना घडली असेल तर पुढे काय होतं ते माहीत असलं की माणूस गोंधळत नाही. साधी मारहाण, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ११५(२), हा असंज्ञेय (अदखलपात्र) गुन्हा आहे. त्याची आपल्याकडच्या ठाण्यात "अदम चेक" म्हणून नोंद होते आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलिस तपास करत नाहीत. लोक तो कागद एफआयआर समजून घरी जातात. चाकू, ब्लेड, फुटकी बाटली अशा वस्तूनं इजा झाली असेल तर कलम ११८ लागतं आणि ते संज्ञेय (दखलपात्र) आहे. म्हणून जबाब देताना "मारा" एवढ्यावर थांबू नका, कशानं मारलं ते सांगा. घाण शिव्यांसाठी २९६, जिवे मारण्याच्या धमकीसाठी ३५१(३), चंद्याच्या नावाखालच्या खंडणीसाठी ३०८, हिसकावण्यासाठी ३०४. घडलं तेवढंच सांगा. एक खोटी सोनसाखळी घातली की सगळा अर्ज खोटा ठरतो.

एफआयआरची प्रत फुकट मिळते. फोनवरून किंवा ऑनलाइन माहिती दिली असेल तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. तीन वर्षं किंवा जास्त, पण सातपेक्षा कमी शिक्षा असलेल्या गुन्ह्यात पोलिस आधी प्राथमिक चौकशी करू शकतात, पण ती चौदा दिवसांत संपवायची असते. "जाँच चल रही है" हे महिनोन्महिने ऐकावं लागत असेल तर हा आकडा आठवा. नोंद घ्यायला नकार मिळाला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे वरिष्ठांना, म्हणजे इंदूर शहरात पोलिस उपायुक्तांना, लेखी कळवा, आणि तरीही नाही झालं तर न्यायदंडाधिकारी. सीएम हेल्पलाइन १८१ वर तक्रार टाकली असेल तर ती बंद करायला हो म्हणण्याआधी काम झालंय का ते बघा. नव्वद दिवसांत तपासाची प्रगती तक्रारदाराला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. महिला आणि साठीच्या पुढचे यांना साक्षीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं असतं. "ठाण्यात कोण जाणार" म्हणून गप्प बसलेल्या आजी-आजोबांना हे जरूर सांगा.

डिसेंबर २०२१ पासून इंदुरात पोलिस आयुक्तालय आहे, त्यामुळे "बाउंड ओव्हर"ची कारवाई शहरात पोलिसांकडेच चालते. शांतता भंगाची भीती असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली, सराईत असेल तर १२९ खाली, चांगल्या वागणुकीचं बंधपत्र. वारंवार गुन्हे करणाऱ्या प्रौढाविरुद्ध राज्य सुरक्षा अधिनियम, १९९० खाली जिलाबदर, म्हणजे जिल्ह्यातून हद्दपारी. तुमचे शिक्के मारलेले अर्ज या कारवाईत कामाला येतात. एक-दोन म्होरके, वय पंचवीस-तीस, ज्यांच्याभोवती बाकीची पोरं गोळा होतात, त्यांच्यासाठी हा उपाय आहे.

आणि हात उचलू नका. समोरच्याकडून लगेच "काउंटर" रिपोर्ट होते आणि तुमचं प्रकरण दोन गटांतली मारामारी म्हणून नोंदलं जातं. डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा करणाऱ्याला सामान्य माणूस पकडू शकतो, कायदा तशी मुभा देतो. पण त्याला उशीर न करता, जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या हवाली करावं लागतं. खांबाला बांधणं, मारणं, व्हिडिओ काढणं यातलं काहीही त्या मुभेत बसत नाही.

वय अठराच्या आत असेल तर

सगळा रस्ताच वेगळा. अशा मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. चोवीस तासांच्या आत त्याला किशोर न्याय मंडळासमोर न्यावं लागतं. तिथे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात, त्यातली किमान एक महिला. प्रत्येक ठाण्यात एक बाल कल्याण पोलिस अधिकारी नेमलेला असतो. त्याचं नाव आधीच विचारून ठेवा, रात्री बाराला शोधत बसू नका. गुन्हा जघन्य, म्हणजे किमान सात वर्षं शिक्षेचा, नसेल आणि सोबत कुणी प्रौढ नसेल तर एफआयआर होत नाही, रोजनामच्यात नोंद आणि सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल होतो. "पोलिसांनी पैसे खाल्ले, एफआयआरच केली नाही" अशी बोंब मारण्याआधी मुलाचं वय विचारा. बाउंड ओव्हरही मुलावर होत नाही, बाल न्याय कायद्याच्या कलम २२ मध्ये तशी मनाई आहे. सोळा ते अठरामधला असून गुन्हा जघन्य असेल तर त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवायचा का, हे प्राथमिक मूल्यांकन करून ठरतं.

त्याच कायद्याचं कलम ७४ मात्र आपल्या सगळ्यांना लागू आहे. अशा मुलाचं नाव, फोटो, शाळा, पत्ता प्रसिद्ध केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कॉलनीच्या ग्रुपवर "ओळखा याला" म्हणून फोटो फिरवणारे सद्गृहस्थ कधीच हे वाचत नाहीत.

कुणाला लागलं असेल तर

१०८. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. चाकू आत रुतलेला असेल तर उपसू नका, त्याच्या बाजूनं कापड लावा. एमवाय किंवा जवळचं कुठलंही हॉस्पिटल. "आधी पोलिस, मग उपचार" असं कुणी म्हणू शकत नाही, १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते स्पष्ट केलं आहे. एमएलसी, म्हणजे पोलिस प्रकरणासाठीची डॉक्टरी नोंद, झाली का ते विचारा, तिच्यावरच पुढचं कलम ठरतं. रक्ताचे कपडे धुऊ नका, वाळवून कागदी पिशवीत ठेवा.

सण

अनंत चतुर्दशीची झांकीची (चित्ररथांची) रात्र, रंगपंचमीची गेर (रंग उधळत निघणारी मिरवणूक), ३१ डिसेंबर. या दिवसांसाठी आठवडाभर आधी वेगळा अर्ज द्या. डीजे रात्री दहानंतर नाही, हे मंडळाच्या बैठकीत पोरांच्या तोंडून वदवून घ्या. वर्गणीला छापील पावती, आणि मागायला एक तरी ज्येष्ठ सोबत. सगळ्यात वांड पोराला दोरी धरायच्या कामाला लावा. पैशांच्या डब्याजवळ नाही.

बसायचं नाही तर करायचं काय

पोरांनी हा प्रश्न विचारला तर तुमच्याकडे उत्तर हवं. आठवड्यातून दोन रात्री मैदानावर दिवा लावून नऊ ते साडेदहा टेनिस बॉलचे सामने, तेही खुद्द त्या तासाच्या तोंडाशी. मल्लखांब हा २०१३ पासून मध्य प्रदेशचा राज्य खेळ आहे आणि इंदूर-उज्जैनला त्याची जुनी परंपरा आहे. अंगात रग असलेल्या पोराला खांबावर चढवणारे वस्ताद अजून आहेत, जवळचा अखाडा कुठे ते विचारून घ्या. नशेत अडकलेल्यासाठी १४४४६, मनानं खचलेल्यासाठी १४४१६, लहान मुलाला संरक्षण हवं असेल तर १०९८. हे नंबर नोटीस बोर्डावर लावण्यापेक्षा त्या काकूंच्या फोनमध्ये असलेले बरे.

प्रकरण कोर्टात गेल्यावर

समोरून "राजीनामा कर लो", म्हणजे तडजोड करून टाका, असा निरोप येतो, कधी मिठाई घेऊन, कधी गाडीवरून कट मारून. तक्रारदाराला एकटं भेटू देऊ नका, बोलणं रहवासी संघाच्या दोघांसमोर होऊ द्या. धमकी आली तर तीही वहीत आणि ठाण्यात. राजीनामा सगळ्या कलमांत चालत नाही, आधी वकिलाला विचारा. विधी सेवा प्राधिकरणाकडून महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना मोफत वकील मिळतो, फोन १५१००.

मुलगा जामिनावर किंवा संप्रेक्षण गृहातून (बालनिरीक्षण गृहातून) परत आला की पहिल्या आठवड्यात त्याचे जुने दोस्त त्याच्या दाराशी गाडी लावून उभे राहतात. त्याच्याकडे कोण जाणार, हे त्याच्या येण्याआधी ठरवून ठेवा. कुणाच्या दुकानात संध्याकाळचं काम असेल तर ते याच आठवड्यात सांगायचं. बाल न्याय कायद्याच्या कलम २४ प्रमाणे त्या जुन्या प्रकरणामुळे त्याला नोकरी-शिक्षणात अपात्र ठरवता येत नाही. प्रौढासारखा खटला चाललेला असेल तर ही सवलत नसते. ग्रुपवर त्याचा तो जुना व्हिडिओ अजून कुणाकडे असेल तर आज रात्रीच डिलीट करायला सांगा.